विसावं गाणं

...आणि शिंकले तरी नोंद करायची, तुम्हाला सांगते! इथे ब्राझीलमध्ये, रेसिफेच्या विद्यापीठात पीएचडीला आले ती मयताच्या घरी बायका म्हणतात त्या गाण्यांचा अभ्यास करायला, आणि चार वर्षं करतेय काय, तर सरकारी साइटवरचा बायोडेटा भरतेय. भाषण दिलं, भरा. भाषण ऐकलं, भरा. दुसऱ्याच्या भाषणाला खुर्च्या लावल्या… त्याचंही प्रमाणपत्र मिळतं हो, भरा. आमच्या गाईड वाल्देतेबाई, बाई वाईट नाहीत, पण ‘कशी आहेस’च्या जागी विचारणार, “जासिरा, नोंदवलंस का?”

आता ही गाणी म्हणणारी जोव्हिनाआजी. वय एक्याण्णव, गाव तिकडे कोरड्या मुलखात, बसने नऊ तास. तिच्याकडून मी एकोणीस गाणी शिकले. राहिलं विसावं, मयताची पेटी उंबऱ्याबाहेर काढताना म्हणायचं, आणि ते फक्त तिलाच यायचं. म्हटलं, फोनवर म्हण. तर म्हणाली, “बाराच्या बारा कडवी म्हणावी लागतात पोरी, मधे तुटलं तर मेलेल्याची वाट चुकते, अन् तुझा फोन तर सारखा तुटतो. तूच ये. लवकर ये, माझा काय भरवसा.”

बाईंना विचारलं. “गाव कुठे पळून जातंय? आधी परिषद. मग लेख. मग कार्यशाळा…” कसली कार्यशाळा? तर आपलं संशोधन तीन मिनिटांत कसं सांगावं! गेले. तिथल्या स्पर्धेत पहिली आले. “नोंदवलंस का?” नोंदवलं.

त्याच आठवड्यात आजी गेली. तिची लेक लेनीरा, तिने कळवलं. मिळेल ती बस पकडून पोचले. बायकांनी एकोणीस गाणी म्हटली, मग चौघांनी पेटी उचलली, उंबऱ्याशी आणली… आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

लेनीरा म्हणाली, “म्हण ना. तू तिच्याकडून शिकलेली. शेवटपर्यंत तुझी वाट बघत होती ती.”

आणि मी नुसती उभी. वाईट वाटायला हवं होतं ना? काहीच वाटेना. रडूसुद्धा येईना. पेटी तशीच गेली, मुक्याने.

बाईंना येऊन सांगितलं. डोळे पुसले त्यांनी, खरंच पुसले. मग हळूच म्हणाल्या, “जासिरा… यावर लेख होईल.”

झाला. चांगल्या मासिकात आला. आता त्या गाण्याबद्दल कुणाला काही विचारायचं असलं की देशभरातून मलाच फोन. एकमेव तज्ज्ञ आहे ना मी. गाणं तेवढं येत नाही.