गालाच्या अस्तराला दाढी

...हसा, तुम्ही हसा! पण तोंडाच्या आत दाढी उगवलेला माणूस पाहिलाय कधी? हा बघा, मी! बाहेरची पाच मिनिटांत होते हो, आतली कुठल्या न्हाव्याला सांगू?

तुम्हाला सांगतो, मी शिंपी. जन्म गेला कोटांना अस्तर लावण्यात आणि डाव्या गालात तंबाखू धरण्यात. बायको म्हणायची, "गालात काय हो ते पांढरं? आ करा बघू!" की मी कुत्र्यासारखा गुरगुरून तिचं बोट चावायला धावायचो. ती हसायची, विषय मिटायचा. सहा महिने असं हसवलं तिला... तेव्हाच आ केला असता तर!

मग घासच गिळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, कॅन्सर. आतून गाल कापावा लागणार. आधी आला असतात तर चार टाक्यांत भागलं असतं." आणि ठिगळ कशाचं? तर नाकाशेजारच्या कातडीचं! एक टोक जोडलेलंच ठेवायचं, म्हणजे रक्त चालू राहतं, आणि पट्टी गालातून आत वळवून शिवायची. म्हटलं, "बाई, वरचं कापड अस्तराला? गिऱ्हाईक कोट तोंडावर फेकेल!" त्या म्हणतात, "या वयात गालाची कातडी सैल असते, पुरते." "म्हणजे माया आहे म्हणा की!" आम्ही शिवणीत जास्तीचं कापड राखतो ना, ती माया. बायको शेजारीच होती. म्हणाली, "गालालाच आहे."

ठिगळ बसलं झकास. पण कातडी दाढीची! आपण आत आलोय हे तिला कोण सांगणार? केस उगवले, घास अडकायला लागला. आता दर आठवड्याला बायको बॅटरी नि छोटी कात्री घेऊन समोर बसते. "आ करा." करतो हो, मुकाट्यानं करतो. तेव्हाच केला असता तर!

"आ करा" नि "मिटा", बास, एवढंच बोलते ती माझ्याशी. तिला दिसलं होतं आणि मी तिला हसवून गप्प केलं, हे काही तिच्या मनातून जात नाही. परवा हिय्या केला. "चुकलो गं. तुझं ऐकायला हवं होतं." शप्पथ सांगतो, अगदी मनापासून म्हटलं! तर ती म्हणते कशी, "माफी मागताना तरी हसू नका!"

आता काय करू? टाक्यांनी ओठाचा कोपरा वर ओढलाय, कायमचा! मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, पुन्हा म्हटलं, "चुकलो." मागून आवाज आला, "खांदे हलतायत. हसताय ना?"

"हो," म्हटलं... रडतोय म्हणून सांगितलं असतं, तर ते कुणी खरं धरलं असतं?