ट्रॅक्टरवर लागलेला क्लास

हसू नका गं, तवा माझी लय फजिती झाली हुती. कॉलेजनं नातेसंबंध आणि शरीरसंबंधांवर ऑनलाइन क्लास ठेवलेला. मी माडीवर दार लावून फोन चालू केला, तर डॉक्टर बाईंचा आवाज आला अंगणातनं! सकाळी गाणी लावताना फोन ब्लूटूथनं ट्रॅक्टरच्या साऊंडला जोडलेला, तो तसाच राहिलेला.

"नवरा असला तरी बायकोच्या मनाविरुद्ध जवळ येऊ नये," हे सगळ्या गल्लीनं ऐकलं.

मी धावत खाली आले. मिलिटरीतनं रिटायर झालेले आमचे आप्पा, म्हंजे माझे वडील, ट्रॅक्टरवर चढलेले, हात बटणावर. आता आपलं कॉलेज कायमचं बंद, हे मी धरलंच.

तेवढ्यात म्हशीची धार काढणारी आई मान वर न करता म्हणाली, "आवं, बंद करू नगा. ऐका की जरा."