इंजिनाला पडदा

मला सांगा, नेकेड बाइक माणूस घेतो कशाला? इंजिन उघडं दिसावं, पिकअप मिळावा, वळणावर हवी तशी झुकावी म्हणूनच ना? दोन हजार आठ साली मी घेतली. आठवडाभर कामासाठी पुण्याला काय गेलो, तेवढ्यात बाबांनी मीरा रोडच्या एका दुकानात नेऊन तिला भलामोठा लेगगार्ड लावला, वर काळ्या रेक्झिनचा पडदा. मी काढून ठेवलेला साडीगार्डही परत बसवला. गोडदेवच्या वळणावर जरा झुकवली, तर लेगगार्ड रस्त्याला घासला.

"बाबा, हे काय करून ठेवलंत?"

"शोरूमवाल्याने अर्धवट गाडी दिलेली, मी पूर्ण करून आणली. रविवारी मुलीकडचे येतायत. दारात अशी उघडीवाघडी गाडी बरी दिसते का?"

रविवारी मुलगी आली ती खाली गाडीपाशीच थांबली. तिच्या भावाकडे हीच गाडी होती. पडदा उचलून आत बघत म्हणाली, "एवढं छान इंजिन, झाकलं कोणी?"

मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या चिरंजीवांनी. मी नको नको म्हणत होतो."