प्रेमदास मिस्त्रीची पायरी

...अन् वरून शाळेचे हेडमास्तर फोनवर मलेच विचारते, येताना बूट घालून येशील ना. बूट. अजी, मिस्त्री माणूस, बारा महिने पाय सिमेंटात, त्याले बूट कायले पाहिजे? पण नाई, स्टेजवर बसायचं हाय म्हणे, नागपूरचे इंजिनियर साहेब येऊन राह्यले म्हणे, नववी-दहावीचे सव्वाशे पोट्टे समोर राहीन, बॅनर लागलं हाय. बॅनरवर काय, तं 'बांधकाम क्षेत्रातील करिअरच्या संधी', अन् खाली मार्गदर्शक म्हणून नाव कोणाचं? प्रेमदास मिस्त्री. म्हणजे माहा मोठा भाऊ. अजी, दादाले जाऊन दोन महिने अकरा दिवस झालते. मार्गदर्शन कुठून करन तो? तुमाले सांगतो, बोलावलं होतं दादाले. मले कोणी बोलावलंच नोतं.

बॅनर आधीच छापून आलतं. मंग हेडमास्तर गजेंद्र सर म्हणते, 'आपण नावाआधी कैलासवासी असा कागद चिकटवू.' आमची माय, जिजाबाई, ते म्हणते, 'कैलासात कायले पाठवता सर त्याले, आमच्यात कालकथित लिवते.' आता कालकथित हा शब्द लांब, कागद आखूड. शेवटी एवढ्या बारीक अक्षरात लिहिलं की मागच्या रांगेतल्या पोट्ट्यायले वाटलं प्रेमदास मिस्त्री जिवंत हाय अन् उशिरा येऊन राह्यला. एक जण तं मलेच विचारते, 'काका, तुमचे भाऊ कवा येणार?' काय सांगू त्याले? म्हटलं, 'कामावर गेला.'

तुम्ही म्हणान कसा गेला. सगळे हेच विचारते, अन् विचारायच्या आधी वर पाहते, जसा काही तो वरून खाली पडला. नाई ना बाप्पा. सेवाग्रामकडे तीन-तीन मजल्याच्या बिल्डिंगा बांधल्या त्यानं, बांबूवर मांजरासारखा चालत होता, अंगाले ओरखडा नाई. अन् गेला कायनं, तं काविळीनं. खाटेवर. नऊ दिवसांत. मी बाजूले बसून गावठी औषध आणू का, दुसरा डाक्टर पाहू का करून राह्यलो, अन् तो मले म्हणते, 'अनुप, तू जरा बस ना बे एका जागी.' हे शेवटचं. आता बसलोच हाय मी.

तं शाळेत जायचं मी नाईच म्हणणार होतो. माहं शिक्षण सातवी, तेही सरकवत-सरकवत. मी काय मार्गदर्शन करू? पण माय म्हणे, 'त्याचं नाव लागलं हाय तिथं, कोणीतरी घरचं पाहिजे.' मंग काय, दादाचा इस्तरीचा शर्ट घातला, वहिनीनं टेप अन् ओळंबा पिशवीत टाकून दिला. दादा जूनमध्येच म्हणत होता, 'पोट्ट्यायसमोर भाषण करायचं नाई, त्यायच्या हातात टेप द्यायचा. मोजलं की आपोआप गोडी लागते.' तेवढंच माह्या ध्यानात होतं. बाकी काय सांगणार होता ते मी ऐकलंच नाई, मोबाईल पाहून राह्यलो होतो.

आता त्या शाळेचं स्टेज. ते दादानंच बांधलं, सहा वर्षं झाले. चढाले चार पायऱ्या. त्यातली तिसरी पायरी उंच हाय. लय नाई, दीड इंच. पण दीड इंच म्हणजे पायरीत काय असते, विचारा त्याले जो पडला. सहा वर्षांत किती पडले गिनती नाई. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणा पडला, हार एकीकडे, टोपी एकीकडे. तवापासून त्या पायरीचं नावच पडलं, प्रेमदास मिस्त्रीची पायरी. कोणी नवीन मास्तर आला की पोट्टे पहिलेच सांगते, 'सर, प्रेमदास मिस्त्रीची पायरी हाय, सांभाळून.' गावातल्यायले आता सवयच झाली, तिथं आलं की पाय आपोआप वर उचलला जाते. शाळेतले शिपाई पुंडलिकराव तं अकरा कप चहाचा ट्रे घेऊन चढते, खाली न पाहता, तिसऱ्या पायरीवर घोड्यासारखा पाय उचलते अन् थेंब सांडत नाई.

पण नागपूरच्या माणसाले कोण सांगन? ओमप्रकाश साहेब, काळा चष्मा, हातात लॅपटॉप, चढले. एक, दोन, अन् धाडकन. लॅपटॉप वाचला, साहेब नाई वाचले. अन् सव्वाशे पोट्टे एका सुरात, 'प्रेमदास मिस्त्रीची पायरी!' अन् हसून राह्यले. मी स्टेजवर खुर्चीत, दादाच्या शर्टात. कुठं जाऊ? बोलावलं होतं दादाले.

साहेबानं मंग पडद्यावर चित्रं दाखवले. म्हणते, 'देखो बच्चो, इस लाइन में सिर्फ मिस्तरी नहीं होता. सर्वेयर है, साइट इंजिनियर है, सेफ्टीवाला है, क्रेन ऑपरेटर है.' रुपेश नावाचा एक जाडा पोट्टा उठला, विचारते, 'सर, क्रेनच्या केबिनमध्ये एसी असते का?' साहेब म्हणे असते. झालं, वीस पोट्ट्यायचं करिअर तिथंच ठरलं.

मंग माहं नाव पुकारलं. माइक हातात आला. तोंडातून निघालं, 'रेती चाळून घ्या.' गजेंद्र सर खोकलले. मी म्हटलं, 'अन् ईट भिजवून घ्या.' मंग संपलंच माहं ज्ञान. तेव्हा दादाचं ते आठवलं, पिशवीतून टेप काढला अन् म्हटलं, 'भाषण जाऊ द्या. माह्या भावानं या शाळेत लय काम केलं. कंपाउंड केलं, पाण्याची टाकी केली. जाऊन काहीही मोजा, सूतभर फरक निघाला तं मले सांगा.' म्हणजे पाहा माहं डोकं. ज्या स्टेजवर उभा राहून बोलून राह्यलो, त्याच स्टेजच्या पायऱ्या डोळ्यासमोर, अन् मी म्हणतो काहीही मोजा.

एक पोट्टी उठली, आकांक्षा, दहावीची, दोन वेण्या, टेप घेतला अन् कंपाउंड नाई, टाकी नाई, सरळ पायऱ्यापाशी बसली. मोजलं, अन् माइकपाशी येऊन वाचते, जशी बातम्या देऊन राह्यली, 'सहा. सहा. साडेसात. सहा.'

पुन्हा हसू. गजेंद्र सर माइक घेते अन् म्हणते, 'मुलांनो, यातून काय शिकायचं? कालकथित प्रेमदास हे अत्यंत चांगले गृहस्थ होते. परंतु शिक्षण नव्हतं. माप चुकलं. म्हणून तुम्ही डिप्लोमा करा.' सरायच्या मनात वाईट काही नोतं, तुमाले सांगतो. पण माह्या कानात ते 'माप चुकलं' असं गेलं की मी उठलो, सरायच्या हातातून माइक वढला अन् म्हटलं, 'ते पायरी माही हाय.'

खरंच माही हाय. त्या दिवशी दादा मायचे डोळे दाखवाले सावंगीले गेलता. जाताना सांगून गेलता, 'दोन झाल्या, तिसरी मी आल्यावर करू, तू फक्त ईटा भिजव.' मी अठरा वर्षांचा, मले कुठं दम. म्हटलं आल्यावर दादाले चकित करतो. टेप त्याच्यापाशी, म्हणून मी वितीनं मोजलं. माही वीत अन् वर सिमेंट-रेतीच्या मसाल्याचा जाड थर. संध्याकाळी आला, पायरीवर पाय ठेवला अन् हसला. मसाल्यानं पकड धरली होती, तोडून नवी कराले वेळ नोता, सकाळी उद्घाटन. मंग चौथी टेपानं मोजून केली, थापी घेतली अन् तिसरीची कोर घोटत बसला, गोल करत, अंधार पडेस्तोर. म्हटलं, 'हे कायले?' तं म्हणे, 'पडणार तं हायेच लोकं, निदान लागू तं नये.' सहा वर्षांत सगळे पडले, पण कोणाची हनुवटी फुटली नाई. अन् दुसऱ्या दिवशी पाहुणा पडला तं सगळ्यायसमोर हात जोडून म्हणते, 'साहेब, माही चूक झाली.' घरी आल्यावर मी विचारलं, 'काऊन खोटं बोलला?' म्हणे, 'मिस्त्री मी, तं पायरी माही.'

हे सगळं मी माइकवर सांगितलं. रडत-गिडत सांगितलं. ओमप्रकाश साहेबानं चष्मा काढला. अन् गजेंद्र सर म्हणते काय, 'ठीक आहे अनुप. मग येत्या रविवारी येऊन तेवढी नीट करून टाक.'

गेलो रविवारी. छन्नी, हातोडा, सिमेंट, सगळं घेऊन गेलो. पायरीसमोर बसलो, छन्नी लावली, हातोडा उचलला... अन् ते गोल कोर दिसली. त्याच्या थापीचे फेरे अजून होते तिथं. पायरी माही, पण कोर त्याची. हातोडा तसाच वर. मागून आवाज आला, 'अनुपभाऊ, हात दुखत नाई का?' पाहतो तं आकांक्षा, सायकलवर, कॅरियरले वही.

म्हटलं, 'तोडवत नाई मले.' म्हणजे तिले हसू यायले पाहिजे होतं, पण नाई. वही उघडली अन् म्हणते, 'तोडता काऊन? खालच्या उचला ना. पहिलीवर अर्धा इंच, दुसरीवर एक इंच मसाला. तिन्ही साडेसहा होते. वरची सहा राहीन, अर्ध्या इंचानं कोणी पडत नाई.' अजी, सहा वर्षं दादा म्हणून राह्यला पाहू, सहा वर्षं मी म्हणून राह्यलो पाहू, अन् या पोट्टीनं सायकलवरून न उतरता सांगितलं. मंग उतरली. घमेल्यात मसाला कालवला, चाळणी धरली, लेव्हल पाहिली. म्हणते, 'मले हेच करायचं हाय, बाबा म्हणते बीएड कर.' म्हटलं, 'बाबाले घेऊन येजो, पायरीवर चढवून दाखवू.' दोघांनं मिळून पायऱ्या केल्या. तिसरीले हात लावला नाई. ओळंबा लावला, टेप लावला, साडेसहा, साडेसहा, साडेसहा, सहा. तुमाले सांगतो, दोन महिन्यांनंतर त्या दिवशी मी पोटभर जेवलो. म्हटलं दादाचं नाव साफ झालं.

चार दिवस पायऱ्या पाणी मारून बंद ठेवल्या. पाचव्या दिवशी खोलल्या. मी मुद्दाम पाहाले गेलतो.

पहिले पुंडलिकराव आले, अकरा कप, खाली न पाहता. पहिलीले अंगठा लागला, सांभाळलं. तिसरीवर सहा वर्षांच्या सवयीनं घोड्यासारखा पाय उचलला, तं पायरी तिथं होतीच कुठं? पाय हवेत राह्यला अन् धप्पकन खाली. अकराच्या अकरा कप. त्यायच्या मागून रुपेश, तो पुंडलिकरावावर. त्यायले उचलाले गजेंद्र सर धावले, ते दोघांवर. सहा वर्षं सगळं गाव त्या पायरीवर शिकलं, अन् मी एका रविवारी पायरी बरोबर करून ठेवली. एक आकांक्षा तेवढी मोजून-मोजून चढली.

सर उठले, गुडघा चोळला, माह्याकडे पाह्यलं अन् म्हणते, 'अनुप, आधीचीच पायरी बरी होती रे. काही म्हण, शेवटी प्रेमदासच्या हातची होती.'

मी तोंड उघडलं. म्हटलं सांगावं, सर, माइकवर रडलो ना मी, सव्वाशे पोट्ट्यायसमोर, ते आधीची माही होती म्हणून. पण पुंडलिकराव जमिनीवर बसल्या-बसल्या मान हलवून राह्यले, 'खरं हाय सर, त्या माणसाच्या हाताले सफाई होती.' मंग मी तोंड मिटलं. कप वेचले. म्हटलं, 'हो सर. मिस्त्री तो, तं पायरी त्याची.'

अन् सर म्हणते, 'पुढच्या वर्षीही कार्यक्रम ठेवू. बॅनर आहेच.'