सोमवारी जन्मलेला दावा

काठमांडूत चाबहीलच्या चौकात तीर्थमानची टॅक्सी अर्धा तास जागची हलली नव्हती. पुढच्या सीटवर शिखर चढायला आलेला, नुकताच विमानातून उतरलेला माट्याजसाहेब घोरत होता. मागे त्याला न्यायला आलेले दोन शेर्पा दबक्या आवाजात बोलत होते. तीर्थमानने हळूच रेडिओ बारीक केला.

"पासांगदादा, यानं शिखर सातदा सर केलेला दावा शेर्पा मागितलाय."

"मग?"

"मी दावा खरा, पण आचारी आहे. ट्रेकिंगच्या हापिसानं भलताच दावा पाठवला."

"सोमवारी जन्मला की नाव दावा. आपल्या गावात सतरा आहेत, हापिसानं ओळखायचे कसे? तो सातदा चढलेला तर कतारला गेला कामाला. तू गप चढ."

"आणि वर हा दोराला लटकला, तर मी काय झारा पुढं करू?"

"मग सांग बाबा त्याला. मी थकलो."

दावाने साहेबाला हलवून उठवलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं.

साहेबाने डोळे चोळले. "तू कुठवर गेला आहेस?"

"तळावरच्या चुलीपर्यंत."

साहेब सीटवरून मागे वळला.

"मलाही तेवढंच झेपेल," तो म्हणाला. "फक्त माझ्या बायकोला कळवू नका."