मशीनखालचा तुकडा

नागपूरहून आलेली एसटी कळंबला थांबली, तशी शीला चढली आणि मिळेल त्या सीटवर बसली. पुढे एक म्हातारं जोडपं होतं. बाई गर्भाशयाच्या कॅन्सरवर रेडिएशनचा शेक घेऊन गावाकडे परतत होती, एवढं त्यांच्या बोलण्यावरून शीलाला बसल्या बसल्याच कळलं.

"शेक देनं चालू हाय, मंग पुन्हा गाठीचा तुकडा कायले काढते?"

"मशीनखाली पाहासाठी. संशोधन करून राह्यले ते."

"तुह्यावर? इंदू, तू काय उंदीर होय?"

"हळू बोला. लोकं आयकते."

"आयकू दे. बियानं विकनाऱ्यायनंबी असंच गोड बोलून आपल्या वावरात प्रयोग केलता. निंगालीच न बोंडात अळी?"

"डाक्टरीनबाईनं मले मशीनीतून दाखोलं."

"काय दाखोलं?"

"माह्याच पेशी. शेकाच्या आंधीच्या अन् नंतरच्या. बऱ्याचशा मेल्या म्हने."

"बऱ्याचशा? म्हंजे साऱ्या नाई?"

"नाई."

"अन् वाचल्या त्या?"

"त्या काहून वाचल्या, तेच त पाहाचं हाय त्याईले."

शीलानं हातातला मोबाइल पर्समध्ये ठेवला.

"फवाऱ्यातून वाचलेली अळीच पुढच्या साली सारं वावर खाते."

"मंग? देऊ का तुकडा?"

"त्याचा फायदा तुले होईन?"

"मले नाई होनार. बाईनं तोंडावर सांगतलं."

"असं म्हनली ते?"

"हो."

"मंग खोटी नसन बाई. देऊन टाक."