मागच्या पलंगाखालचं टक्

...आणि वर मालक मलाच म्हणतात, कान तपासून घे! माझे कान! अहो, ज्या कानांवर ह्या कारखान्याची अब्रू टिकून आहे ते कान मी तपासून घेऊ? तुम्हाला सांगतो, माणसानं हमाल व्हावं, हवालदार व्हावं, पण मोटरहोमच्या कारखान्यात तपासनीस होऊ नये. मोटरहोम म्हणजे फिरतं घर हो, पुढे स्टिअरिंग आणि मागे संसार. ओटा, पलंग, संडास, सगळं चाकांवर. बाकीची घरं कशी, बांधली की गपगुमान एका जागी उभी राहतात बिचारी. आमचं घर खड्ड्यांतून जातं! रोजचा भूकंप! आणि त्या भूकंपात एक खण उघडता कामा नये, एक बिजागरी कुरकुरता कामा नये, आणि सगळं ठाकठीक आहे म्हणून सही कुणाची? माझी!

दिसण्यावर जाऊ नका. लग्नाच्या दिवशी सगळेच चांगले दिसतात. मी काय करतो, तळहातानं भिंत दाबतो, बोटानं वाजवतो, पोकळ वाजली की समजायचं प्लायवूड आतून सुटलंय. दार उघडतो, लावतो, परत उघडतो, परत लावतो. कारखान्यात मला 'शंकासुर' म्हणतात, तोंडावर नाही, पण म्हणतात. म्हणू देत. घरी तरी दुसरं काय म्हणतात?

तर ही गाडी. पांढरीशुभ्र. वरून पाण्याचा मारा केला, आत थेंब नाही. भिंती ठणठणीत. खण असे सरकतात की लोणी झक मारतं. म्हटलं चला, आयुष्यात एकदा तरी वेळेवर घरी जाऊ. राहिली फक्त फेरी. कारखान्यामागे आमचा एक रस्ता आहे, मुद्दाम खराब ठेवलेला... हो, हो, हसा! रस्ता खराब राहावा म्हणून इथं पगारी माणसं आहेत! ड्रायव्हर पुढे, मी मागच्या पलंगावर आडवा, डोळे मिटून. पहिला खड्डा, शांत. दुसरा खड्डा, शांत. मला डुलकी लागणार, तेवढ्यात पलंगाखालून... टक्!

पलंग उचलला, काही नाही. फळ्या काढल्या, काही नाही. सुताराला बोलावलं. तो छातीवर हात ठेवून म्हणतो, "साहेब, माझं लाकूड बोलत नाही." नळवाल्याला बोलावलं. "पाण्याचा आवाज टप् असतो, टक् नसतो. वायरवाल्याला विचारा." वायरवाला म्हणाला, "वायर कधी आवाज करते का हो? आवाज करते तेव्हा सांगायला माणूस उरत नाही." म्हणजे सगळे निर्दोष! सगळं परत बसवलं, फेरी मारली, पहिला खड्डा, दुसरा खड्डा... टक्!

मालक आले. पलंगावर बसले, उड्या मारल्या, उभ्या गाडीत हो! "कुठाय आवाज? अरे बाबा, घर म्हटलं की आवाज येणारच. गिऱ्हाईक सोमवारी येणार आहे. कर सही." साधं आहे हो त्यांचं. गिऱ्हाईक उद्या जंगलात, डोंगरात, डोक्याला हात लावून बसेल तेव्हा शिव्या कुणाला? सही कुणाची? माझी!

आता टक् पकडायचं तर एकट्याचं काम नाही. प्रत्येक कोपऱ्यात एकेक कान पाहिजे. रविवारी कारखान्यातलं कोण येणार? म्हणून मी... आता हसू नका... घरची माणसं नेली. हिला ओट्यापाशी उभं केलं. सासूबाई पलंगावर. मेव्हणा संडासात. बजावून सांगितलं, कुणी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. स्टिअरिंगवर मी. निघाली गाडी. पहिल्या खड्ड्याच्या आधीच सासूबाई, "जावईबापू, हा संडास आहे का कपाट? आत गेलेला माणूस वळणार कुठं?" आतून मेव्हणा, "भावोजी, मी आत अडकलोय!" ही म्हणते, "पडद्यांना हा रंग कुणी निवडला? तुम्हीच निवडला असणार." मी ओरडतोय, "गप्प बसा, ऐका!" तर सासूबाई, "आम्ही कुठं बोलतोय? तुम्हीच ओरडताय!" खड्ड्यामागून खड्डे गेले हो. टक् झालं का? झालं असेल! देवाला ठाऊक! त्या गदारोळात खाली इंजिन गळून पडलं असतं तरी कळलं नसतं.

आणि तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, अरे शंकासुरा, ही गाडी घेणार कोण? कुटुंबवाला माणूसच ना? मग मंडळी आत बसली की टक् ऐकणार कोण? मनाला पटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू, पण थकलो होतो. केली सही.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. वयस्कर गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात एकच पिशवी. म्हटलं, "काका, मंडळी कुठाय?" म्हणाले, "मंडळी घरी. मी एकटाच जाणार. शांततेसाठी घेतली हो गाडी. फक्त शांततेसाठी."

सही कुणाची? माझी! मालक डोळे वटारतायत, आणि मी तसाच पुढे होऊन म्हणालो, "काका, किल्ली देत नाही. सही चुकली माझी. मागच्या पलंगाखाली आवाज येतो."

"कसला?"

"टक्."

"आणि?"

"आणि काही नाही. खड्डा आला की टक्."

काका जवळ आले. हळूच म्हणाले, "इतका वेळ कुठं होतात, असं विचारतो का?"

"नाही हो."

"आपण काही म्हटलं तर उलटून बोलतो?"

"नाही."

"त्याची आई येते राहायला?"

"...नाही."

"मग द्या की किल्ली!"

गेली गाडी. मी फाटकात उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो. काय वाटलं ते तुम्हाला सांगत नाही, तुम्हालाही घरं आहेत. तेवढ्यात खिशात फोन वाजला. ही. "अहो, आई विचारतेय, गाडीत किती मजा आली म्हणे, पुढच्या रविवारी परत नेणार का?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?